आकाशवाणीची धून आणि एक निर्वासित
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



आम्ही इचोड्याची मराठी मंडळी. घरात मराठी, कचेरीत आणि बाजारात तेलुगू. चाळिशी ओलांडलेल्या आम्हा सर्वांच्या घरी सकाळ व्हायची ती रेडिओवरच्या आकाशवाणीच्या धूनने. तिच्यात शिवरंजनी रागाची छाया आहे, म्हणून ती आपलीच वाटते. पण ती बांधल्याचे श्रेय जाते वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराला.

त्यांचा जन्म १९०७ साली कार्ल्सबाड येथे झाला. हे गाव आज चेक देशात आहे. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि जर्मनीत ज्यू कलावंतांची दारे बंद झाली. १९३४ मध्ये कॉफमन मुंबईला आले. पुढे युरोपात सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले.

आपले संगीत त्यांना आधी मुळीच कळेना. पण लाखो लोक ज्यावर प्रेम करतात ते निरर्थक नसणार, उणीव आपल्याच कानात आहे, असे मानून ते शिकत राहिले. १९३७ ते १९४६ ते मुंबई आकाशवाणीवर संगीताचे काम पाहत होते.

इथेही सारे सुखाचे नव्हते. १९३९ मध्ये युद्ध पेटताच इंग्रज सरकारने जर्मन नागरिक म्हणून अनेक ज्यू निर्वासितांनाही अहमदनगरच्या छावणीत डांबले, तेही नाझींच्या सोबत! त्यांच्या मदतीला मुंबईत १९३४ पासून ज्यू मदत संस्था होती. आणि आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, ज्यांना आपण शनवार तेली म्हणत आलो, ते तर पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्यांत सुखाने नांदले.

कॉफमन पुढे इंग्लंड, कॅनडा करीत अमेरिकेत प्राध्यापक झाले. उत्तर भारतीय रागांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. १९८४ मध्ये ते वारले.

आमच्यावर तसा प्रसंग आला नाही. १९५६ मध्ये किनवट, राजुरा तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. घरे होती तिथेच राहिली. तरी परक्या भाषेत मूळ धरणे काय असते, ते आम्ही जाणतो. आज आपल्या गावात कुणी बदलीवर येतो, कुणी कापूस वेचायला. त्याला भाषा येत नसेल, आरतीही पाठ नसेल. त्याला मांडवात बोलवा, प्रसादाला पंगतीत बसवा. घर गमावलेल्याला मुंबईने जागा दिली आणि त्याने देशाची सकाळ सुरेल केली.

गणपती बाप्पा मोरया!