मूल जिथे असेल तिथे



मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "यंदा संमेलनाचा विषय 'आई आणि गुरू' असा आहे. त्यावर बोला." मला विचार करायला वेळ लागला नाही. माझी सगळी नोकरी तुर्भे-सानपाड्याच्या बाजूला, बालवाडीत गेली. बालवाडीच्या बाईला आई आणि गुरू हे दोन शब्द एकत्र ऐकले की एकच नाव आठवतं, ते म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंनी जिथे काम केलं ते कोसबाड इथून तसं जवळच आहे. गाडीने डहाणूच्या बाजूला जायचं, पुढे घोलवड-बोर्डीच्या वाटेला लागायचं. आज तो पालघर जिल्हा आहे, पण २०१४ पर्यंत डहाणू आणि आपलं वाशी-नेरूळ एकाच ठाणे जिल्ह्यात होतं. म्हणजे ताराबाई आपल्याच जिल्ह्यातल्या. असं असूनही आपल्या पोरांना त्यांचं नाव पाठ्यपुस्तकाबाहेर फारसं ऐकायला मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यांचा जन्म १८९२ च्या एप्रिलमधला. माहेरच्या त्या केळकर. वडील प्रार्थना समाजाचे. त्यांनी विधवेशी लग्न केलं होतं, आणि त्या काळी असं लग्न करणाऱ्याला समाज सुखाने जगू देत नसे. अशा घरात वाढलेली ही मुलगी १९१४ मध्ये पदवीधर झाली. लग्न होऊन अमरावतीला गेली. एक मुलगी झाली, आणि मग संसार मोडला. पदरी लहान मूल, नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, आणि साल १९२१. लोक काय काय बोलले असतील, याचा अंदाज इथे बसलेल्या आयांना मी सांगायला नको. रत्नाकर मतकरींचं 'घर तिघांचं हवं' हे नाटक त्यांच्याच आयुष्यावर बेतलेलं आहे, मोठ्या मुलांनी ते जरूर मिळवून वाचावं.

राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या महाविद्यालयात त्या प्राचार्य झाल्या. पगार चांगला, मानही मोठा. तेवढ्यात भावनगरच्या गिजुभाई बधेकांचं काम त्यांच्या कानावर आलं. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून ते लहान मुलांत रमले होते, माँटेसरी पद्धतीचं बालमंदिर चालवत होते. गुजरातेत लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणत. मिशीवाली आई! एका बाप्याला आख्खं गाव आई म्हणतं, याहून मोठी पदवी मला तरी माहीत नाही. ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली आणि १९२३ मध्ये मुलीला घेऊन त्या भावनगरला गेल्या. त्यांची स्वतःची लेक आणि इतरांची लेकरं एकाच अंगणात वाढली. पुढे १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, 'शिक्षणपत्रिका' निघाली, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. हे सगळं मी भराभर सांगतेय, कारण मला ज्या गोष्टीपाशी थांबायचं आहे ती याच्या पुढे आहे.

१९४५ मध्ये ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या. दादरमध्ये नाव होतं, शाळा भरभराटीला आली होती. इथे बसलेले कितीतरी पालक त्या वयाला पोचले की निवृत्तीचा हिशेब मांडायला लागतात, आणि त्यात काही गैर नाही. ताराबाईंना मात्र एक गोष्ट सलत होती. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह काढलं ते सॅन लोरेन्झो वस्तीतल्या गरीब कामगारांच्या पोरांसाठी. आपल्याकडे येईपर्यंत तीच पद्धत सुखवस्तू घरांतल्या मुलांची झाली. चकचकीत लाकडी साधनं, महागडी फी. खेड्यातल्या मुलाचं काय? हा प्रश्न घेऊन त्या बोर्डीला गेल्या.

सोबत होत्या अनुताई वाघ. पुणे जिल्ह्यात मोरगावला जन्मलेल्या, १७ मार्च १९१० च्या.  अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या. त्या शिकल्या, मास्तरीण झाल्या, नोकरी सांभाळून मॅट्रिक झाल्या, आणि बी.ए.ची पदवी त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर घेतली. कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. थोड्या दिवसांसाठी म्हणून आल्या असतील कदाचित, पण राहिल्या त्या जन्मभर.

बोर्डीत बालवाडी उघडली. गावातली बरी परिस्थिती असलेल्या घरांतली मुलं आली. हरिजनवाड्यातली आली नाहीत. आता इथे दोन वाटा होत्या. एक सोपी: आम्ही दार उघडं ठेवलंय, त्यांनाच शिक्षणाची गोडी नाही असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आजही हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत ऐकू येतं. ताराबाईंनी दुसरी वाट धरली. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या दारात न्यायची. वाड्यातल्याच अंगणात, सारवलेल्या जमिनीवर त्यांनी बालवाडी भरवली. पाटी-पेन्सिल नंतर. आधी हातपाय धुणं, नखं कापणं, केसांचा गुंता सोडवणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. साधनं काय, तर चिंचोके, गुंजा, शंखशिंपले, झाडाची पानं, समुद्रकाठचे गोटे. मोजायला, रंग ओळखायला, लहानमोठं लावायला याहून जास्त काय लागतं? आया घरातली कामं करता करता दारातून बघायच्या, आणि बघता बघता त्यांचंही शिक्षण व्हायचं.

पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारल्यांच्या मुलुखात. ताराबाई बोर्डीला गेल्या त्याच १९४५ मध्ये तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. पिढ्यान् पिढ्या जमीनदाराच्या शेतावर राबलेली माणसं ती. त्यांच्या घरात सात-आठ वर्षांचं पोरही कामाचं असायचं. ते गुरं राखायचं, नाहीतर धाकटी भावंडं सांभाळायचं. म्हणून ताराबाई-अनुताईंनी गुराख्यांच्या मागे कुरणावर शाळा नेली. गुरं चरतायत तोवर झाडाखाली अभ्यास. आणि धाकट्याला सांभाळणाऱ्या मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला नाव दिलं विकासवाडी.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण मला ते कळलं तुर्भ्याला. तिथल्या दगडखाणीच्या वस्तीत माझी बालवाडी होती. पत्र्याचं छप्पर, बाहेर दिवसभर क्रशरची धूळ. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी रोज दाराशी उभी राहायची. फ्रॉक धुळीने पांढरा झालेला, कडेवर भाऊ, तो तिच्या मानाने इतका जड की ती एका बाजूला पूर्ण वाकलेली. आतली गाणी तिला पाठ झाली होती, ओठ हलायचे. मी म्हटलं, "आत ये गं." ती म्हणाली, "बाई, याला कुठं ठेवू?" त्या दिवशी घरून एक गोधडी आणली, कोपऱ्यात अंथरली, भावाला तिच्यावर ठेवलं. ती मुलगी रांगेत येऊन बसली, आणि कडेवर कोणी नाही म्हणून हातांचं काय करावं हे तिला बराच वेळ कळेना. आठवड्याभरात गोधडीवर आणखी चार पोरं आली, त्यांच्या मागे त्यांच्या चार बहिणी.

ती गोधडी अंथरायचं मला सुचलं ते ताराबाईंमुळे. मूल का येत नाही, हे त्या मुलाच्या बाजूने बघायचं. आई हेच करते ना? तापलेलं पोर जेवत नाही म्हणून ती चिडून ताट उचलत नाही. ते काय खाईल ते शोधते, मऊ भात कालवते, त्याच्या अंथरुणापाशी जाऊन बसते.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाड्या देशभर पसरल्या. अंगणवाडीची सुरुवात बोर्डीच्या अंगणात झालेली ताराबाईंनी पाहिली होती, फळ पाहायला त्या नव्हत्या. अनुताई होत्या. सत्तरी उलटल्यावर त्यांनी रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही नवी संस्था उभी केली, ते १९८२ साल. १९८५ ला पद्मश्री मिळाली, आणि १९९२ च्या सप्टेंबरपर्यंत त्या काम करत राहिल्या. स्वतःचं मूल नव्हतं, पण त्या टेकडीवर त्यांना ताई म्हणणारी किती लेकरं मोठी झाली!

नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा टप्पा एकत्र धरला. मला आनंद झाला, आणि थोडा रागही आला. कोसबाडला हे कितीतरी आधी करून दाखवलेलं होतं. शिक्षणहक्काचा कायदा सक्तीच्या मोफत शिक्षणाची हमी अजूनही सहा वर्षांच्या पुढच्या मुलालाच देतो. शहरात तर तीन वर्षांच्या पोराच्या प्रवेशासाठी पालक हजारो रुपये मोजतात, आणि त्याच रस्त्यावर वाळूच्या ढिगाऱ्यावर मजुराचं तेवढंच पोर दिवसभर बसून असतं.

तुमच्या शाळेच्या मागे टॉवरचं काम चाललंय. बाईंशी माझं बोलणं झालं आहे. येत्या शनिवारपासून दुपारी साडेतीन ते पाच मागचा व्हरांडा त्या बांधकामावरच्या मुलांसाठी उघडा राहील. आपण त्यांना बोलवत बसणार नाही, आपणच जाऊन घेऊन येणार आहोत. आठवी-नववीच्या ज्यांना यायचं असेल त्यांनी आपल्या वर्गशिक्षकांकडे नाव द्यावं. येताना घरातले चिंचोके, बिया, शिंपले आणा, पालकांनी जुन्या स्वच्छ गोधड्या द्याव्यात. पहिल्या शनिवारी मी सव्वातीनला फाटकाशी उभी असेन.