शोभेचा दांडा

२००३ साली मी मेळघाटात नवा डॉक्टर होतो. हतरूच्या बाजूच्या गावांत जाण्यासाठी जुनी जीप घेतली. ताजा रंग, रुंद टायर आणि मागे ठसठशीत ‘फोर बाय फोर’ लिहिलेलं. मी भुललो.

जुलैत निरोप आला, की एक बाई सकाळपासून अडली आहे. वाटेत नाला लागला. पलीकडच्या चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. मी फोर-व्हीलचा दांडा ओढला. काहीच झालं नाही! शेवटी गावकऱ्यांनी बैलजोडी लावून जीप वर काढली. त्यात तीन तास गेले. बाई आणि बाळ वाचले ते गावातल्या दाईमुळे, माझ्यामुळे नव्हे.

परतवाड्याच्या मिस्त्रींनी जीपखाली डोकावून सांगितलं, “डाक्टरसाहेब, हा दांडा नुसता शोभेचा हाये. पुढचा शाफ्टच नाही ना जी!” कुणीतरी तो केव्हाच काढून विकला होता.

दुसरी जीप घेताना त्यांनाच सोबत नेलं. त्यांनी पुढचं एकच चाक जॅकवर उचललं, मागच्या चाकांना दगड लावले, इंजिन बंद ठेवलं आणि पुढचे हब लॉक केले. दांडा टू-व्हीलमध्ये असताना ते चाक हातानं फिरलं. फोर-व्हीलमध्ये टाकताच अडलं. म्हणजे पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोचते आहे. पाच मिनिटांची ही परीक्षा. पण पहिल्या वेळी मी तीसुद्धा घेतली नव्हती.

मग त्यांनी डिफरन्शियलचं ऑइल बोटावर घेतलं. ते दुधाळ दिसलं, तर आत पाणी शिरलेलं असतं. पाट्यांची पानं तुटली आहेत का, चासीला नवं वेल्डिंग आहे का, चारही टायर एकाच मापाचे आहेत का, हेही पाहिलं. गाडी थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगितली. आधीच गरम केलेलं इंजिन आपली दुखणी लपवतं.

कागदही तपासावे लागतात. चासी आणि इंजिनचे नंबर आर. सी. बुकाशी जुळवावेत. त्यावर कर्जाचा बोजा असेल, तर तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. नाव बदलण्यासाठी २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर विकणाऱ्याच्या सह्या आपल्या समोर घ्याव्यात.

आणि एक. जिचे सुटे भाग जवळच्या गावात मिळतात, जी तिथला मिस्त्री उघडू शकतो, तीच गाडी घ्यावी.

ती दुसरी जीप उन्हानं विटलेली, कुरूप होती. पुढच्या पावसाळ्यात त्याच नाल्यावर मी दांडा ओढला. पुढची चाकं चिखलात रुतली, क्षणभर थांबली आणि चढू लागली. मागच्या बाकावर एक बाई कळा देत होती. या वेळी बैल लागले नाहीत.