रेकॉर्डिंग खोक्याचे की घराचे?

दिवाणखान्यातल्या सेट-टॉप बॉक्सवर रेकॉर्ड केलेला कार्यक्रम आतल्या खोलीतल्या टीव्हीवर दिसत नाही, ही तंत्राचीच मर्यादा असणार असे आपण धरून चालतो. ही मर्यादा तंत्राची नाही, धंद्याची आहे, असे माझे म्हणणे आहे. अमेरिकेत २००१ साली आलेल्या रीप्लेटीव्ही ४००० या यंत्रावरचे रेकॉर्डिंग घरातल्या नेटवर्कवरून दुसऱ्या खोलीतल्या तशाच यंत्रावर पाहता येत असे. २००३ मध्ये टिवो कंपनीने तशीच सोय ९९ डॉलरला विकायला काढली. पुढे केबल कंपन्या कार्यक्रमांवर ‘एकदाच नक्कल’ अशी अदृश्य खूण लावू लागल्या आणि खुणेचा कार्यक्रम एका टिवोतून दुसऱ्या टिवोत हलवता येईना. टिवोने यावर नंतर शोधलेली पळवाट पाहण्यासारखी आहे. कार्यक्रम पहिल्याच यंत्रात ठेवायचा आणि दुसऱ्या खोलीत त्याचे फक्त चित्र पोहोचवायचे. नक्कल झालीच नाही, तेव्हा खुणेचाही भंग नाही. आतल्या खोलीतल्या प्रेक्षकाला या दोन्हींत तसूभर फरक दिसत नाही. मग त्या मनाईने नेमके कुणाचे रक्षण होत होते?

कायदा या बाबतीत कंपन्यांपेक्षा उदार आहे. सोनीच्या बीटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरवरच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, घरी रेकॉर्ड करून सवडीने कार्यक्रम पाहणे गैर नाही. वेळ बदलण्याची मुभा असेल, तर खोली बदलण्याला हरकत घेणे कठीण आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३९ म्हणते की, रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या खाजगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगने प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. ही मुभा माणसाला दिलेली आहे. ती अमुक एका यंत्रापुरती आहे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. मात्र कुलूप घालू नका असेही हा कायदा कंपन्यांना बजावत नाही, आणि आपली अडचण नेमकी तिथेच आहे.

यावर पहिला आक्षेप असा : आज आतली खोली, उद्या शेजारी, परवा सगळे इंटरनेट. भीती खोटी नाही. रीप्लेटीव्हीवरून कार्यक्रम इंटरनेटद्वारे दुसऱ्या ग्राहकाला पाठवता येत असे, आपोआप जाहिराती गाळण्याचीही सोय होती, आणि त्यावरूनच मोठ्या वाहिन्यांनी खटले भरले. कंपनीचे २००३ मध्ये दिवाळे वाजले. पण नव्या मालकाने पुढच्या मॉडेलमधून काढून टाकल्या त्या याच दोन सोयी; घरातल्या घरात पाहण्याची सोय कायम ठेवली. म्हणजे उंबरठ्यावर रेघ ओढता येते आणि ती ओढली गेलेली आहे. दुसरा आक्षेप पैशांचा. दुसऱ्या टीव्हीवर त्याच वेळी वेगळी वाहिनी पाहायची असेल, तर वेगळे शुल्क समजू शकते. रेकॉर्ड झालेल्या कार्यक्रमाचे पैसे मात्र आधीच भरलेले असतात.

ओटीटीच्या काळात हा वाद शिळा झाला, असेही कुणी म्हणेल. मला उलटे दिसते. नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये भारतात पासवर्ड वाटण्यावर बंधन आणले, तेव्हा एक खाते एका घरासाठी, असा नियम सांगितला; त्या घरातली माणसे कुठल्याही खोलीतल्या पडद्यावर पाहोत. एकाच वेळी किती पडदे चालतील याला मर्यादा आहे, हे खरे, पण मोजमाप घराचेच. जे ओटीटीला परवडते ते डीटीएचला का परवडू नये? दूरसंचार नियामक प्राधिकरण प्रसारण सेवांविषयी वेळोवेळी लोकांच्या सूचना मागवते. त्या मागवल्या जातील तेव्हा, घरातले रेकॉर्डिंग घरातल्या प्रत्येक टीव्हीवर दिसले पाहिजे, एवढी एक मागणी आपण प्रत्येकाने लेखी कळवावी.