मिया, कार्ली की मिशेल? : एपिसोडचा मजकूर

आज पाहुणे नाहीत, मी एकटीच बोलणार आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे बोललेलं जवळजवळ जसंच्या तसं खाली उतरवलंय. फक्त माझे ‘ॲक्च्युअली’ तेवढे काढून टाकलेत, फार होते.

विषय असा की अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघातली आजवरची सर्वांत मोठी खेळाडू कोण? चार वर्ल्ड कप आणि पाच ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेला संघ आहे हा. त्यामुळे उमेदवारांची कमतरता नाही आणि वादाला अंत नाही.

हा वाद आमच्या घरात आहे. माझी मावशी न्यू जर्सीत राहते. १९९९ च्या वर्ल्ड कपचा पहिला सामना तिथे जायंट्स स्टेडियमवर झाला, अमेरिका विरुद्ध डेन्मार्क. ऑफिसातल्या बायकांबरोबर मावशी गेली होती. स्टेडियममध्ये जवळपास ७९ हजार माणसं होती, आणि पहिला गोल मिया हॅमने मारला. मावशीला ऑफसाइड आजही कळत नाही, पण तिच्यासाठी विषय तिथेच संपला. मिया म्हणजे मिया. मावशीची मुलगी मात्र शाळेच्या संघात खेळायची, आणि २०१५ ची फायनल तिने ऐन टीनएजमध्ये बघितली. तिच्यासाठी कार्ली लॉईड. त्यात कार्ली न्यू जर्सीचीच, डेलरनची. म्हणजे गाववालीच झाली की.

आणि मी म्हणते, मिशेल एकर्स. यावर मावशी म्हणते, “तू तेव्हा दोन वर्षांची होतीस, तुला काय माहिती?” बहीण म्हणते, “ताई, तिचे धड व्हिडिओसुद्धा नाहीत.” दोघींचं म्हणणं अगदी खरं आहे. म्हणूनच तर आजचा एपिसोड.

आधी आकडे, कारण वादात पहिल्यांदा तेच फेकले जातात. ॲबी वॉमबॅकचे १८४ गोल, सामने अडीचशेच्या थोडे वर. मियाचे १५८, सामने पावणेतीनशेच्या आसपास. कार्लीचे १३४ गोल, ३१६ सामने. क्रिस्टिन लिलीचे १३०, आणि सामने साडेतीनशेच्या वर. इतके सामने जगात कुठल्याच पुरुषाने किंवा बाईने देशासाठी खेळलेले नाहीत. ॲलेक्स मॉर्गनचे १२३ गोल, २२४ सामने. आणि मिशेलचे शंभराच्या थोडे वर, सामने दीडशेच्या थोडे वर.

आता या तक्त्यात मिशेल सहावी. वाद संपला?

मी दिवसभर डेटाबेसशी झगडते, आणि या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. तक्त्यात शून्य दिसलं तर विचारायचं, हे खरंच शून्य आहे की कोणी नोंदच केली नाही? की नोंद करण्यासारखं काही घडूच दिलं नाही? मिशेलच्या बाबतीत हा तिसरा प्रकार आहे. एक उदाहरण देते. १९८९ या अख्ख्या वर्षात अमेरिकेच्या महिला संघाने किती सामने खेळले असतील? एक. पोलंडविरुद्ध, शून्य-शून्य बरोबरी. मिशेल तेव्हा २३ वर्षांची होती. स्ट्रायकरची ऐन उमेदीची वर्षं, आणि वर्षाला एक सामना! आजची खेळाडू वर्षाला पंधरा-वीस सामने सहज खेळते. मग गोलांची बेरीज शेजारी शेजारी लावून काय कळणार?

हा संघ पहिल्यांदा खेळला तो १९८५ च्या ऑगस्टमध्ये, इटलीत. अंगावर पुरुषांच्या मापाचे ढगळ कपडे, त्यावर निघायच्या आदल्या रात्री शिवलेली ‘यूएसए’ अक्षरं. पहिला सामना हरले. घोटा दुखावल्यामुळे मिशेल त्यात नव्हती. दुसरा सामना डेन्मार्कशी, २-२ बरोबरी, आणि त्यात संघाच्या इतिहासातला पहिला गोल मिशेलचा. म्हणजे पुढचे सगळे १८४, १५८, १३४ ज्या रेषेवर उभे आहेत, त्या रेषेचा पहिला बिंदू तिचा.

पण पहिली असणं म्हणजे सर्वोत्तम असणं नव्हे, हे मलाही कळतं. त्यामुळे १९९१ कडे येऊ.

बायकांचा पहिला वर्ल्ड कप, चीनमध्ये. फिफाने त्याला ‘वर्ल्ड कप’ हे नावसुद्धा द्यायचं टाळलं होतं. एका चॉकलेटच्या गोळ्यांच्या ब्रँडचं नाव लावून लांबलचक काहीतरी ठेवलं होतं. सामने ९० नाही, ८० मिनिटांचे. बायकांना झेपणार नाही म्हणे! त्या स्पर्धेत मिशेलने १० गोल केले. त्यातले पाच एकाच सामन्यात, तैवानविरुद्ध. वर्ल्ड कपच्या एका सामन्यात पाच गोल हा विक्रम मोडायला आजवर कोणालाच जमलं नाही, फक्त ॲलेक्स मॉर्गनने २०१९ मध्ये बरोबरी केली. फायनलला समोर नॉर्वे. दोन मिनिटं उरली होती, १-१ होतं. नॉर्वेच्या बचावपटूने गोलकीपरकडे मागे ढकललेला पास कमजोर पडला. मिशेल मध्ये घुसली, गोलकीपरला वळसा घातला आणि रिकाम्या जाळ्यात चेंडू सरकवला. २-१. अमेरिकेचे दोन्ही गोल तिचेच. त्या वर्षभरात २६ सामन्यांत ३९ गोल, म्हणजे सामन्याला दीड.

इथे बहिणीचा आक्षेप प्रामाणिकपणे सांगायला हवा. ती म्हणते, तेव्हाचे प्रतिस्पर्धी बघ. त्या वर्षी पात्रता फेरीत अमेरिकेने पाच सामन्यांत ४९ गोल मारले आणि एकही खाल्ला नाही. मेक्सिकोला १२, मार्टिनिकला १२. मिशेलच्या ३९ मध्ये असलेही गोल आहेत. मान्य. पण नॉर्वेविरुद्धचे दोन गोल त्यातले नाहीत. नॉर्वे तेव्हा जगातल्या सर्वांत तगड्या संघांपैकी होता. आणि कमजोर संघांविरुद्धच्या गोलांचंच म्हणशील तर २०१९ मध्ये थायलंडला १३-० हरवलं होतं, तेही वर्ल्ड कपमध्ये. सगळ्यांच्याच खात्यात असलं काही ना काही आहे.

आपल्याकडे हा वाद गावसकर की सचिन असा व्हायचा ना, तसंच आहे हे. बाबांच्या पिढीला हेल्मेटशिवाय वेस्ट इंडीजसमोर उभा राहिलेला माणूस दिसायचा, आणि आपल्याला टीव्हीवरचा सचिन. फरक एवढाच की गावसकरचं वर्णन करणारे निदान रेडिओवर तरी होते. मिशेलचा संघ वर्ल्ड कप जिंकून परतला तेव्हा विमानतळावर स्वागताला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी माणसं होती.

आता मी ज्यासाठी खरं भांडते त्याकडे येते. हे भांडण गोलांचं नाहीच.

१९९१ नंतर मिशेल आजारी पडली. क्रॉनिक फटिग सिंड्रोम. नुसता थकवा नव्हे, तर विश्रांती घेऊनही न जाणारा थकवा, डोकेदुखी, चक्कर. गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झाल्या त्या वेगळ्याच. १९९५ च्या वर्ल्ड कपच्या पहिल्याच सामन्यात काही मिनिटांत जबर मार बसून ती बाहेर गेली, आणि तो कप नॉर्वेने नेला. मग प्रशिक्षक टोनी डिचिको यांनी तिला पुढच्या फळीतून काढून मधल्या फळीत मागे आणलं. पुढे बचावपटूंचा मार फार बसायचा. जगातली पहिल्या क्रमांकाची गोल मारणारी बाई आता चेंडू अडवायला, हवेतले चेंडू डोक्याने परतवायला, दुसऱ्यांना चेंडू पुरवायला उभी राहिली. याच क्षणी आपल्या तक्त्यात ती दिसेनाशी होते, कारण तक्त्यात ‘गोल’ असा कॉलम आहे, ‘समोरच्याचं आक्रमण सुरू होण्याआधीच बंद पाडलं’ असा कॉलम नाही.

१९९९ ची फायनल. १० जुलै, रोझ बाउल, ९०,१८५ प्रेक्षक, कॅलिफोर्नियातलं भर दुपारचं ऊन. समोर चीन, आणि चीनकडे सुन वेन. ती त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली, आणि मला विचाराल तर त्या दशकातली सर्वांत देखणी खेळाडू होती. ३३ वर्षांची मिशेल नव्वद मिनिटं मैदानाच्या मधोमध उभी होती. चीनचा प्रत्येक उंच चेंडू तिच्या डोक्यावर. प्रत्येक टॅकलमध्ये ती. चीनला गोल नाही. नव्वदावं मिनिट संपता संपता चीनचा कॉर्नर आला. गोलकीपर ब्रायाना स्करी चेंडू मुठीने उडवायला झेपावली आणि तिचा हात मिशेलच्या डोक्यावर बसला. मिशेल कोसळली. तिला आत नेऊन सलाइन लावलं. पुढचा जादा वेळ आणि पेनल्टी शूटआउट यांत ती नाही.

ती गेल्यावर काय झालं बघा. जादा वेळेत चीनने कॉर्नरवर हेडर मारला. गोलकीपर चुकली, चेंडू जाळ्यात जाणार, आणि गोलरेषेवर उभ्या असलेल्या क्रिस्टिन लिलीने तो डोक्याने बाहेर काढला. तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता. तो चेंडू आत गेला असता तर सामना तिथल्या तिथे संपला असता. मग स्करीने लिऊ यिंगची पेनल्टी अडवली, ब्रँडी चॅस्टेनने शेवटची मारली, जर्सी काढली, आणि तो फोटो जगभर गेला. स्कोअरकार्डवर ०-० आणि पेनल्टी ५-४. मिशेलच्या नावापुढे काहीच नाही. लिलीच्या नावापुढे एक पेनल्टी. गोलरेषेवरचं ते डोकं कुठल्याच कॉलममध्ये नाही.

मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग मियाने काही केलंच नाही का?” केलं की. मियाच्या गोलांइतकंच तिचं देणं मोठं आहे. शेवटचा पास देऊन तिने १४० हून जास्त गोल घडवले. १९९५ मध्ये स्करीला लाल कार्ड मिळालं तेव्हा हातमोजे चढवून गोलमध्ये उभी राहिली तीही मियाच. आणि अमेरिकेतल्या लाखभर मुलींनी फुटबॉलला हात, म्हणजे पाय, लावला तो तिच्यामुळे. पण चार वर्ल्ड कप खेळून मियाचे तिथे एकूण गोल आठ. मिशेलचे एकट्या १९९१ मध्ये दहा.

कार्लीची बाजू मला जास्त अवघड जाते. २००८ ची ऑलिंपिक फायनल, ब्राझीलविरुद्ध जादा वेळेत एकमेव गोल कार्लीचा. २०१२, वेम्बली, जपानविरुद्ध दोन्ही गोल तिचे. २०१५, वर्ल्ड कपची फायनल, पुन्हा जपान, आणि पहिल्या सोळा मिनिटांत तीन गोल. तिसरा तर थेट मैदानाच्या मध्यरेषेवरून! तीन फायनल, सहा गोल. असा माणूस कुठल्याच खेळात सहज सापडत नाही. बहीण हे बोलायला लागली की मी पाणी आणायला उठते. माझं म्हणणं इतकंच की कार्लीच्या मागे संपूर्ण यंत्रणा उभी होती, आणि मिशेलच्या वेळी ती यंत्रणा म्हणजे मिशेल आणि तिच्या मैत्रिणी होत्या. हे उत्तर पुरेसं आहे का? बहिणीच्या मते नाही.

गंमत म्हणजे फिफालाही हे जमलेलं नाही. २००० मध्ये त्यांनी शतकातली सर्वोत्तम महिला खेळाडू निवडायला घेतली. इंटरनेटवरच्या मतदानात सुन वेन पुढे, फिफाच्या मासिकाच्या वाचकांत आणि तज्ज्ञांत मिशेल. शेवटी पुरस्कार दोघींना वाटून दिला. पुरुषांमध्येही तेच झालं होतं, नेटवर मॅराडोना आणि तज्ज्ञांत पेले. नंतर २००४ मध्ये पेलेने हयात असलेल्या महान खेळाडूंची यादी केली, त्यात बायका फक्त दोन, मिशेल आणि मिया. मावशीला ही यादी फार आवडते.

एक गोष्ट या वादात कोणी काढत नाही, आणि ती काढल्याशिवाय मला थांबवत नाही. मिशेलचं कौतुक करताना आपण म्हणतो, हवेतला प्रत्येक चेंडू तिचा. वॉमबॅकच्या १८४ गोलांपैकी ७७ हेडरचे आहेत, तेही आपण मिटक्या मारत सांगतो. २०१९ मध्ये मिशेल आणि ब्रँडी चॅस्टेन यांनी बोस्टन विद्यापीठाच्या एका अभ्यासात स्वतःचं नाव दिलं. चाळिशी ओलांडलेल्या माजी महिला फुटबॉलपटूंच्या मेंदूवर डोक्याने मारलेल्या चेंडूंचा आणि धडकांचा काय परिणाम होतो, हे तपासणारा अभ्यास. इतकी वर्षं असले अभ्यास बहुतेक पुरुष खेळाडूंवरच व्हायचे. म्हणजे तिथेही नोंदच नव्हती. रोझ बाउलवरची ती नव्वद मिनिटं आपण ज्या हिशेबात धरत नाही, त्यांचा हिशेब तिच्या डोक्यात कुठेतरी असेल किंवा नसेल, आणि ते शोधायला तिने स्वतःच डोकं पुढे केलं. हे वाचल्यापासून ‘हवेतला प्रत्येक चेंडू तिचा’ हे वाक्य माझ्या तोंडून पूर्वीसारखं सहज निघत नाही.

तर, माझं मत मिशेल. दुसऱ्या नंबरला मी क्रिस्टिन लिलीला ठेवते, आणि त्यावर मावशी व बहीण पहिल्यांदाच एकत्र येऊन माझ्यावर तुटून पडतात.

बहीण म्हणते तसं जुन्या सामन्यांचे व्हिडिओ कमी आहेत, पण १९९९ ची फायनल पूर्ण बघायला मिळते. शोधा. चेंडूकडे बघू नका, दहा नंबरच्या जर्सीकडे बघा, निदान पहिला हाफ तरी. मग मियाला मत द्या, कार्लीला द्या, काही म्हणणं नाही. मतं नेहमीच्या ठिकाणी पाठवा, पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला वाचून दाखवते. आणि मावशी, तू हे ऐकत असशील तर आधीच सांगते, एका माणसाचं एकच मत धरणार आहे. भेटू.