उसन्या वैभवाचा खेळ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा काही भाग)

एखादा देश थैली मोकळी सोडून जगातील नामांकित फुटबॉलपटू विकत घेऊ लागला की वृत्तपत्रे आकड्यांनी दिपून जातात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र एकच प्रश्न पडतो : हा पैसा कोणाचा?

चीनचे उदाहरण पाहा. सामन्यांच्या निकालात गैरप्रकार केल्याबद्दल खालच्या श्रेणीत ढकललेला ग्वांगझूचा संघ २०१० साली एव्हरग्रांड या बांधकाम कंपनीने १० कोटी युआनला घेतला. परदेशी खेळाडू आले, इटलीला विश्वचषक मिळवून देणारे प्रशिक्षक लिप्पी आले. संघ आठ वेळा राष्ट्रीय आणि दोनदा आशियाई विजेता ठरला. मग चढाओढ लागली. २०१७ च्या आरंभी शांघायच्या सरकारी बंदर कंपनीच्या संघाने ब्राझीलच्या ऑस्करसाठी सुमारे ६ कोटी युरो मोजले.

एव्हरग्रांड घरे बांधण्यापूर्वीच विकत असे आणि त्या आगाऊ रकमांवर कर्जाचे इमले रचत असे. कोणता युआन घराच्या भिंतीत गेला आणि कोणता खेळाडूच्या खिशात, हे वेगळे काढता येत नाही. परंतु तिजोरी एकच होती. २०२१ साली कंपनीने कर्जफेड चुकवली, तेव्हा तिची देणी ३०,००० कोटी डॉलरच्या वर होती. २०२२ मध्ये जिंगदेझेन येथील तिच्या अर्धवट वसाहतीतील ग्राहकांनी हप्ते थांबवण्याचा इशारा दिला आणि ते लोण अनेक शहरांत पसरले. भिंती नसलेल्या घराचे हप्ते भरणारा तो संसारी माणूस कोणत्याही विजयाच्या छायाचित्रात दिसत नाही.

जिआंगसूचा संघ नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय विजेता झाला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मालकाने हात आखडताच बंद पडला. जानेवारी २०२५ मध्ये कर्जापायी ग्वांगझूचा संघही संपला. सरकारने खरेदीवर आणि पगारांवर निर्बंध घातले होते. पण तोवर रोग हाडांत शिरला होता.

सौदी अरेबियाने २०२३ मध्ये हाच मार्ग धरला. तेथील सरकारी गुंतवणूक निधीने चार प्रमुख संघांची ७५ टक्के मालकी घेतली. नेमारसाठी सुमारे ९ कोटी युरो दिले गेले; दुखापतीमुळे तो अवघे सात सामने खेळून २०२५ च्या जानेवारीत परतला. येथे कर्जाऐवजी तेल आहे, म्हणून कोसळण्याची घाई नाही. परंतु तेल ही त्या देशातील पुढच्या पिढ्यांचीही ठेव आहे, आणि ती कशी खर्चावी हे विचारण्याचा अधिकार तेथील जनतेच्या हाती नाही.

कोणी म्हणेल, युरोपातही धनिक मालक आहेतच. आहेत. पण जर्मनीत काही अपवाद वगळता संघातील बहुमताचा अधिकार सभासदांच्या संस्थेकडेच ठेवण्याचा नियम आहे. तेथे मालक गेला तरी सभासद उरतात.

मित्रहो, तारे विकत आणता येतात. खेळाची मुळे मात्र स्वतःच्याच मातीत रुजवावी लागतात. वैभव एकाचे आणि तोटा सर्वांचा, हा हिशेब मैदानावरही तितकाच अन्यायाचा आहे.