हाडांवर लिहिणारा मुलगा
(रात्रीच्या वर्गातील भाषण, कासारवाडी)



दिवसभर राबून अंग आंबून जातं. तरी तुम्ही पाटी घेऊन बसता. म्हणून आज एका गरीब मुलाची गोष्ट सांगतो.

मुलाचे नाव महंमद. जन्म इ. स. ७६७, गाव गाझा. लहानपणीच बाप वारला. आई त्याला मक्केला घेऊन आली. गुरुजींना द्यायला पैसा नव्हता. मग तो वर्गातली पोरे सांभाळी आणि फुकट शिके. कागद परवडेना, तेव्हा जनावरांच्या हाडांवर लिही, असे सांगतात. हेच पुढे इमाम शाफिई झाले.

ते मदिनेला इमाम मालिक यांच्याकडे शिकले. पैगंबरांच्या वचनांना हदीस म्हणतात. वचन कानी आले की विचारायचे, ‘तुला कोणी सांगितलं? त्याला कोणी?’ असे मागे मागे जायचे, थेट पैगंबरांच्या सोबत्यांपर्यंत. मधली एक कडी तुटली, तर वचन कच्चे. गुरूंचा मान त्यांनी राखला. पण पुराव्याने पटले नाही, तिथे वेगळे मत मांडले. ८२० साली ते मिसर देशात वारले.

आपल्या कोकणातले बहुतेक मुसलमान त्यांचाच मार्ग पाळतात. मुंबईत माहीमला ज्यांचा दर्गा आहे, ते मखदूम अली माहिमी याच मार्गाचे मोठे पंडित होते.

तेव्हा मंडळी, कोणी कागद पुढे केला, तर लगेच अंगठा उठवू नका. विचारा, ‘हे कोणी लिहिलं? कशावरून?’ स्वतः वाचा. मगच सही करा.