दप्तरातल्या बायका : मेरिलंडच्या तीन नोंदी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेच्या एका कोपऱ्याचा इतिहास आपल्या शिबिरात कशासाठी, असा प्रश्न काहीजणींना पडला असेल. मी इतिहासाची अभ्यासक नाही, समाजकार्यकर्ती आहे. माझा संबंध येतो तो रेशनकार्डाशी, घरपट्टीच्या पावतीशी, सातबाऱ्याशी. बाईचं नाव कागदावर आहे की नाही, यावर तिचं छप्पर राहणार की जाणार हे ठरताना आपण सगळ्याच पाहतो. म्हणून मेरिलंड या राज्याच्या दप्तरातल्या तीन नोंदी वाचल्या तेव्हा त्या मला परक्या वाटल्या नाहीत. त्या क्रमाने सांगते.

पहिली नोंद १६४८ सालची. इंग्रजांनी मेरिलंडची वसाहत १६३४ मध्ये वसवली. तिचा मालक लॉर्ड बाल्टिमोर इंग्लंडमध्ये राही, त्याचा भाऊ लेनर्ड कॅल्व्हर्ट इथे गव्हर्नर होता. पीक तंबाखूचं आणि नाणी दुर्मिळ, त्यामुळे दंड, कर, देणी सगळं तंबाखूच्या वजनात चुकतं होई. मार्गारेट ब्रेंट ही अविवाहित बाई १६३८ मध्ये बहीणभावांबरोबर इथे आली आणि तिने जमीन मिळवली. इंग्रजी कायद्याने विवाहितेची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जाई. अविवाहित बाईला मात्र स्वतःच्या नावाने करार करता येत, फिर्याद लावता येई. मार्गारेट येणं वसूल करण्यासाठी वारंवार कोर्टात उभी राहिली.

१६४७ मध्ये गव्हर्नर वारला. मरताना त्याने आपल्या इस्टेटीची सगळी व्यवस्था तिच्यावर सोपवली. वसाहतीच्या रक्षणासाठी आणलेल्या शिपायांचा पगार थकला होता, ते बंडाच्या बेतात होते. तिने बाल्टिमोरची गुरं विकून त्यांची देणी भागवली. बंड टळलं. मग २१ जानेवारी १६४८ रोजी तिने वसाहतीच्या विधानसभेत दोन मतं मागितली. एक जमीनमालक म्हणून स्वतःचं आणि दुसरं बाल्टिमोरची मुखत्यार म्हणून. नव्या गव्हर्नरने नकार दिला. तेव्हा तिने सभेच्या कामकाजालाच हरकत घेतली. ही हरकत लिहिली गेली, म्हणून आज आपल्याला ती मागणी कळते. पुढल्या वर्षी त्याच सभेने बाल्टिमोरला पत्र लिहून तिची बाजू घेतली. वसाहत तिच्या हातून सावरली हे मान्य झालं, पण मत मिळालं नाही. काही वर्षांतच ती मेरिलंड सोडून व्हर्जिनियात गेली.

मार्गारेटकडे जमीन होती, शिक्षण होतं. दुसऱ्या नोंदीतली एलेनॉर बटलर ऊर्फ नेल ही आयरिश मोलकरीण. मेरिलंडने १६६४ मध्ये कायदा केला होता, की जन्माने स्वतंत्र असलेल्या बाईने गुलाम पुरुषाशी लग्न केलं तर नवरा जिवंत असेपर्यंत तिने त्याच्या मालकाची चाकरी करायची आणि तिची मुलंही गुलाम ठरायची. बाईने कुणाशी लग्न करावं यात सरकारने एवढं लक्ष का घालावं? कारण तिच्या पोटी जन्मणारं मूल स्वतंत्र की गुलाम, हा मालकाच्या फायद्यातोट्याचा प्रश्न होता. १६८१ मध्ये नेलने चार्ल्स या कृष्णवर्णीय गुलामाशी लग्न केलं. तिला आधी ताकीद दिली गेली होती, तरी ती हटली नाही. तिची मुलं आणि नातवंडं गुलामीत गेली.

पण गोष्ट तिथे संपत नाही. जवळजवळ नव्वद वर्षांनी नेलच्या वंशजांपैकी विल्यम आणि मेरी हे जोडपं स्वातंत्र्यासाठी कोर्टात गेलं. पुरावा काय, तर म्हाताऱ्या शेजाऱ्यांच्या साक्षी : नेल कशी होती, लग्न कसं झालं. १७७० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण १७७१ मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला. त्यांची मुलगी, तिचंही नाव मेरी, पुन्हा उभी राहिली आणि १७८७ मध्ये जिंकली. नेलला या कायद्याखाली कोर्टाने दोषी ठरवल्याची नोंदच नव्हती, म्हणून तिच्या वंशजांना गुलाम मानता येत नाही, असं कोर्टाने म्हटलं. म्हणजे तीन पिढ्यांहून जास्त काळ माणसं गुलामीत ठेवली गेली, आणि त्यासाठी लागणारा कागद कधी तयारच झाला नव्हता!

तिसरी नोंद महामंदीच्या काळातली. तंबाखूने कस गेलेल्या मेरिलंडच्या जमिनीवर, वॉशिंग्टनजवळ, रूझवेल्ट सरकारने ग्रीनबेल्ट हे नवं गाव उभारलं. १९३७ मध्ये तिथे कुटुंबं राहायला आली. ८८५ घरं, परवडणारं भाडं, सहकारी दुकान, मुलांना खेळायला मोकळी हिरवळ. अशी योजना आपल्यालाही हवी वाटेल. पण प्रवेशाच्या अटी वाचा. नवरा नोकरीत असेल तर बायकोने नोकरी करायची नाही. वाळत घातलेले कपडे दुपारी चारच्या आत काढायचे. आणि गावाच्या बांधकामावर कृष्णवर्णीय मजूर राबले असले, तरी घर एकाही कृष्णवर्णीय कुटुंबाला दिलं नाही.

ही अट एकटी नव्हती. १९३२ च्या इकॉनॉमी ॲक्टने ठरवलं होतं, की कपात करताना नवराबायको दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर त्यांच्यापैकी एकाला आधी काढावं. कायद्यात 'बाई' हा शब्द नव्हता, पण गेल्या बहुतेक बायकाच. ते कलम १९३७ मध्ये रद्द झालं, त्याच वर्षी ग्रीनबेल्ट सुरू झालं. पुढे महायुद्धात हात कमी पडले तेव्हा बायकांच्या नोकरीवरची बंदी सैल झाली. बाईची जागा घरातच, हे तत्त्व होतं की फक्त सोय, ते त्यावरून दिसतं.

तीन शतकांतल्या या तीन नोंदींमधून मी आपल्या कामासाठी तीन गोष्टी घेते.

एक, नकार मिळाला तरी मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. मार्गारेटला मत मिळालं नाही, पण 'कुणी बाईने कधी मागितलंच नव्हतं' असं आज कुणाला म्हणता येत नाही.

दोन, 'कागद आहे' असं कुणी म्हटलं की तो दाखवायला सांगावा. बटलर कुटुंबासमोर तो कुणी कधी ठेवलाच नव्हता. आणि आपल्या बाजूने कागद नसेल तर वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांची साक्ष तारीख घालून लिहून ठेवावी, त्या आहेत तोवर.

तीन, योजना कितीही चांगली असली तरी लाभाची यादी आणि अटींचा तक्ता शेजारी ठेवून वाचावा. घर कोणाच्या नावावर, आणि बांधणारे हात कोणाचे, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तिचं स्वागत करू नये.

आता गटागटांत बसताना प्रत्येकीने आपल्या वस्तीतला एक कागद समोर घ्यावा आणि हेच प्रश्न त्याला विचारून पाहावेत. उत्तरं गटाच्या वहीत लिहा, आणि खाली लिहिणारीचं नाव घाला.